दया डोंगरे यांची ‘खाष्ट सासू’ : एक पुनर्मूल्यांकन

मराठी चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने नायक, नायिका व दिग्दर्शक यांना केंद्रस्थानी ठेवून लिहिला गेला आहे. ज्यांच्यामुळे कथानकात संघर्ष उभा राहतो, त्या चरित्र कलावंतांची दखल बहुधा श्रेयनामावलीपुरतीच मर्यादित राहते. दया डोंगरे यांची कारकीर्द हे याचे ठळक उदाहरण होय. ११ मार्च १९४० रोजी अमरावती येथे जन्मलेल्या या अभिनेत्रीचे ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निधन झाले. प्रेक्षकांच्या स्मरणात त्या ‘खाष्ट सासू’ म्हणून राहिल्या. हे विशेषण त्यांच्या अभिनयाचा गौरव करते की त्याला मर्यादित करते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आई यमुताई मोडक व आत्या शांता मोडक यांच्यामुळे नाट्य व संगीताचा वारसा त्यांना घरातूनच लाभला. स्पष्ट शब्दोच्चार, आवाजावरील ताबा आणि ताठ देहबोली ही त्यांच्या पडद्यावरील अभिनयाचीही वैशिष्ट्ये ठरली.

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात त्यांच्या भूमिकेतील अधिकार संस्थात्मक आहे. ऐंशीच्या दशकातील ‘स्वामी’ या दूरदर्शन मालिकेत त्यांनी गोपिकाबाई साकारल्या. तेथे तो अधिकार राजघराण्यातील मातेचा आहे. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ (१९८७) या चित्रपटांत तोच अधिकार घराच्या चौकटीत येतो. क्षेत्र बदलते; परंतु सत्ता हातातून निसटू नये म्हणून झगडणारी स्त्री सर्वत्र आढळते. म्हणूनच त्यांच्या भूमिकांचे सूत्र ‘सासूपण’ नसून ‘अधिकार’ आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

सासू-सुनेच्या रूढ कथेत सासूची खोड मोडणे हाच सुखान्त मानला जातो. त्यामुळे स्त्रीने गाजविलेला अधिकार हा मुळातच दोष ठरतो. पटकथेची ही मर्यादा डोंगरे यांना ओलांडता आली नाही, हे मान्य करावे लागते. तथापि, त्यांनी सासूला विदूषकी रूप दिले नाही. विनोदी प्रसंगातही त्या गंभीरपणे वावरतात. पात्राचा अहंकार त्या पात्राला खराच वाटतो आणि हसू त्यातूनच निर्माण होते. समोरच्या सुनेचा विजयही त्यामुळे मोलाचा ठरतो.

जन्म अमरावतीचा असला तरी केवळ त्या आधारे त्यांना ‘वऱ्हाडची अभिनेत्री’ म्हणणे उचित नाही. त्यांच्या करारी स्त्रिया प्रमाण मराठी बोलतात. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बोली मात्र बहुधा विनोदाच्याच वाट्याला आली. अधिकाराची भाषा कोणती आणि हास्याची कोणती, हा भेद अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकांनी अधिक खोलात जाऊन तपासण्यासारखा आहे.

सारांश, ‘खाष्ट सासू’ ही डोंगरे यांच्या अभिनयाची नव्हे, तर त्यांना मिळालेल्या पटकथांची सीमा होती. चरित्र कलावंताचे मूल्यमापन करताना भूमिकेचा साचा आणि त्या साच्यात कलावंताने ओतलेले सामर्थ्य या दोहोंचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.