उचलणे आणि कुंथणे : उच्च रक्तदाब व प्रतिकारात्मक व्यायाम यांविषयीच्या मराठी सल्ल्याची समीक्षा

प्रस्तावना

उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीस व्यायामाविषयी मराठीत जो सल्ला दिला जातो, तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो : रोज अर्धा तास चालावे आणि जड उचलू नये. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, व्याख्याने, घरातील वडीलधारी माणसे, सर्वांच्या मुखी हीच दोन वाक्ये आढळतात. पहिल्या वाक्याबद्दल वाद नाही. दुसऱ्या वाक्यात मात्र एक खरी भीती आणि तिच्यातून काढलेला एक चुकीचा निष्कर्ष एकत्र बांधले गेले आहेत. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या वाक्याचा विचार केला असून त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील वणी परिसराचा संदर्भ घेतला आहे.

हा संदर्भ घेण्याचे कारण असे की सप्तशृंग गडाच्या पायथ्याच्या भागातील हे बाजारपेठेचे गाव द्राक्ष आणि टोमॅटोच्या पट्ट्यात येते. येथे उचलणे ही ऐच्छिक बाब नाही. हंगामात भरलेली क्रेट मळ्यातून ट्रॅक्टरपर्यंत आणि ट्रॅक्टरमधून बाजारात माणसांच्या हातांनीच जाते. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून मजुरीसाठी येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा रोज त्यावरच ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेले आढळले. म्हणजे क्रेट उचलणाऱ्यांतही असे रुग्ण असणारच. अशा मजुरास ‘जड उचलू नका’ असे सांगणे म्हणजे त्याला काम सोडण्यास सांगणे होय. तो काम सोडत नाही. सल्ला सोडतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर गोळीही सोडतो.

भीतीचा उगम

या निषेधामागील भीती निराधार नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील मॅकडूगल व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नलिका घालून भारोत्तोलन करताना प्रत्यक्ष दाब मोजला. दोन्ही पायांनी वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० मिलिमीटर पारा इतका चढला. एका व्यक्तीत तो ४८०/३५० च्याही वर गेला. विश्रांतीच्या अवस्थेत १४०/९० हीदेखील चिंतेची रेषा मानणाऱ्या वाचकास हे आकडे धडकी भरवतात.

पण हे आकडे ज्या परिस्थितीतले आहेत ती परिस्थिती सल्ला देताना गाळली जाते. ते पहिलवान आपल्या कमाल क्षमतेच्या ८० टक्के व त्याहून अधिक वजन, आणखी एकदाही उचलता येऊ नये इतके थकेपर्यंत उचलत होते आणि जोर लावताना श्वास कोंडून धरत होते. दाब चढला तो काही क्षणांपुरता. वजन खाली ठेवताच तो वेगाने उतरला. श्वासाचा यात वाटा किती, हे १९९५ मधील नार्लोक व ब्रँडस्टेटर यांच्या प्रयोगाने दाखविले. कमाल वजन पायांनी रेटताना श्वास कोंडला असता सरासरी दाब ३११/२८४ होता. तेच वजन, तेच पाय, पण श्वास हळूहळू बाहेर सोडत रेटले असता तो १९८/१७५ झाला. वजन एक ग्रॅमनेही कमी केले नव्हते. या विषयावरील सर्व लेखनातून एकच प्रयोग निवडायचा झाल्यास तो हाच निवडावा लागेल.

श्वासमार्ग बंद करून छातीत व पोटात दाब निर्माण करण्याच्या या क्रियेस शरीरशास्त्रात वाल्साल्वा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे (१६६६–१७२३) नाव दिले आहे. मराठीस मात्र परक्या नावाची गरज नाही. तिच्यापाशी ‘कुंथणे’ हे नेमके क्रियापद आहे. शौचास, बाळंतपणात, जड पोते पाठीवर घेताना माणूस कुंथतो. शिष्टसंमत लेखनात हा शब्द असभ्य मानला जातो, आणि बहुधा म्हणूनच आरोग्यविषयक पुस्तिकांत त्याच्या जागी ‘जड उचलणे’ असा सभ्य शब्दप्रयोग आला. या शिष्टाचाराची किंमत मोठी आहे. निषेध करावयाचा होता कुंथण्याचा, झाला उचलण्याचा.

‘जोर’ या शब्दाची कथा

मराठी व्यायामपरंपरा प्रतिकारात्मक व्यायामाला अनोळखी नाही. किंबहुना तिचा गाभाच तो आहे. जोर, बैठका, जोडी फिरविणे, मल्लखांब या साऱ्यांत स्नायू एक तर शरीराच्या किंवा लाकडाच्या भाराशी झुंजत असतो. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत हा ऐवज ज्या तपशिलाने नोंदविला गेला आहे, त्याला तोड नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करताना प्रत्येक आसनाशी श्वासाचा क्रम आणि मंत्रोच्चार जोडला होता.

तथापि या परंपरेचा वाचक निरोगी आणि बहुतांशी तरुण पुरुष आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रक्तदाबावर परिणामकारक व सुसह्य औषधेच नव्हती. थायाझाइड गटातील पहिले औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले. रुग्णास विश्रांती सांगणे हाच तेव्हाचा शिरस्ता होता. अशा काळात तालमीचा आणि दवाखान्याचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पुढे औषधे आली, काळ बदलला, पण तालीम एका बाजूस आणि दवाखाना दुसऱ्या बाजूस ही विभागणी टिकून राहिली. ‘जोर’ हा शब्द एकीकडे व्यायामप्रकाराचे नाव, तर दुसरीकडे रुग्णाने टाळावयाची गोष्ट ठरला. ‘जोर करू नका’ या वाक्यात दोन्ही अर्थ मिसळतात आणि ऐकणाऱ्यास दोन्ही सोडून द्यावेसे वाटतात.

पुराव्याचे मूल्यमापन

नियमित प्रतिकारात्मक व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा दाब उतरतो काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांत बरेच स्पष्ट झाले आहे. कॉर्नेलिसन व स्मार्ट यांच्या २०१३ च्या विश्लेषणात वजनाच्या गतिशील व्यायामाने वरचा दाब सरासरी १.८ व खालचा ३.२ मिलिमीटरने उतरल्याचे दिसले. मॅकडोनल्ड व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ६४ अभ्यास एकत्र केले, तेव्हा आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांत ही घट सुमारे ५.७ व ५.२ इतकी आढळली. एडवर्ड्स व सहकाऱ्यांच्या २०२३ च्या विश्लेषणात २७० चाचण्या व १५,८२७ व्यक्ती होत्या. त्यात गतिशील प्रतिकाराने ४.५५/३.०४ आणि चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाने ४.४९/२.५३ अशी घट नोंदली गेली. दोन्हींत सांगण्याजोगा फरक नाही. औषधांवरील मोठ्या एकत्रित अभ्यासानुसार (२०२१) वरचा दाब ५ मिलिमीटरने उतरल्यास हृदयरोग-पक्षाघातासारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. हे प्रमाण व्यायामास जसेच्या तसे लावता येणार नाही, परंतु घट क्षुल्लक नाही एवढे त्यावरून कळते.

२०२३ च्या याच विश्लेषणातील एका निष्कर्षाची प्रसिद्धी मात्र मर्यादेबाहेर झाली. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, नसलेल्या खुर्चीवर बसल्यासारखे काही वेळ स्थिर राहणे यासारख्या स्थिर व्यायामाने ८.२४/४.०० इतकी सर्वाधिक घट आढळली आणि ‘भिंतीवरची बैठक गोळीइतकी गुणकारी’ अशा आशयाचे मथळे जगभर झळकले. येथे सावधगिरी हवी. स्थिर व्यायामाच्या चाचण्या संख्येने कमी व आकाराने लहान आहेत, आणि त्यांतील सहभागी व्यक्तींवर प्रशिक्षित माणसाची नजर असते. घरी एकट्याने दोन मिनिटे भिंतीला टेकून थरथरणारा साठीचा गृहस्थ श्वास कोंडतो की नाही, हे पाहण्यास कोणी नसते. स्थिर ताणात दाब सतत चढत जातो, म्हणून कुंथण्याचा धोका येथेच सर्वाधिक. ज्या व्यायामाचा लाभ सर्वांत मोठा सांगितला जातो त्याच्याच सूचना सर्वांत त्रोटक असाव्यात, हा विरोधाभास लेखनातला आहे. व्यायामाचा त्यात दोष नाही.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

‘जड उचलू नका’ या सल्ल्याचे एक विरुद्ध टोकही वणीसारख्या भागात ऐकू येते : ‘तुम्ही तर दिवसभर राबता, तुम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य सहानुभूतीचे वाटते, पण तेही तपासून पाहिले पाहिजे. कोपनहेगन येथील १,०४,०४६ प्रौढांच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासात (२०२१) फावल्या वेळची हालचाल जितकी अधिक तितका हृदयविकाराचा धोका कमी, तर कामावरची शारीरिक मेहनत जितकी अधिक तितका धोका जास्त, असे आढळले. कष्टकऱ्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती, धूम्रपान यांसारख्या बाबींचा हिशेब करूनही निष्कर्ष टिकला असे संशोधक सांगतात. असा हिशेब पूर्णपणे करता येतो काय, हा प्रश्न रास्तच आहे. शिवाय डेन्मार्कचा कामगार म्हणजे दिंडोरीचा मजूर नव्हे.

तरीही कारणमीमांसा वणीला चपखल लागू पडते. व्यायामात वजन ठरवून घेतलेले असते, मध्ये विश्रांती असते, दोन दिवसांमध्ये एक दिवस सोडलेला असतो. द्राक्षतोडणीत यातले काहीच मजुराच्या हातात नसते. ट्रक उभा असतो, ऊन चढलेले असते, एकच हालचाल त्याच बाजूने शेकडो वेळा होते आणि घाईत श्वास कोंडला जातो. हंगाम संपला की काही महिने हा भार नाहीसाही होतो. शरीरावर चांगला परिणाम होण्यास आठ-दहा आठवड्यांची सातत्यपूर्ण, मध्यम मात्रा लागते. हंगामी मजुरीत मात्रा एक तर अति असते किंवा शून्य.

याउलट गडाची वाट पाहावी. पहिल्या टप्प्यापासून देवीच्या मंदिरापर्यंत पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी ही स्वतःच्या देहभाराची अर्धी बैठकच होय. २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून पायऱ्या चढणे ऐच्छिक झाले, ही रुग्णांच्या दृष्टीने सोय आहे. कोजागरीला नद्यांचे पाणी कावडीतून खांद्यावर घेऊन येणारे भाविक भार वाहतात, पण मुखाने देवीचा जयघोष करीत. घोष करणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. म्हणून चैत्राच्या उन्हात गोळी न घेता गड चढणे योग्य ठरत नाही. परंतु भार आणि कुंथणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्या वाटेवर दिसते.

सल्ल्याची भाषा

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००० मध्ये प्रतिकारात्मक व्यायामास मान्यता दिली आणि २००७ मध्ये मर्यादाही आखून दिल्या : दाब १८०/११० च्या वर अनियंत्रित असेल तर हा व्यायाम मुळीच करू नये, १६०/१०० च्या वर असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आरंभी हातांसाठी कमाल क्षमतेच्या ३० ते ४० टक्के, पायांसाठी ५० ते ६० टक्के वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, असे प्रमाण दिले आहे. मर्यादा उपयुक्त आहेत. टक्केवारी मात्र व्यायामशाळेच्या बाहेर निरुपयोगी. ‘कमाल क्षमता’ काढण्यासाठी रुग्णास एकदा कमाल वजन उचलायला लावणे हाच मुळी धोका.

त्यापेक्षा तालमीतील जुनी रीत कामाची आहे. बैठका मोठ्याने मोजत काढल्या जातात. ‘एक, दोन, तीन’ म्हणत दहा ते पंधरा वेळा जे वजन उचलता येते आणि ज्यात आवाज अडत नाही, ते वजन योग्य. मोजणी घशात अडकली की वजन जास्त. पाण्याची बाटली, धान्याची पिशवी, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीवर हात ठेवून काढलेले जोर, यांना खर्च लागत नाही. रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना झटकन उभे राहिल्यास घेरी येते. त्यांनी शेवटच्या बैठकीनंतर लगेच थांबू नये, चार पावले चालावे. क्रेट उचलणाऱ्या मजुरासही हीच सूचना देता येते : क्रेट अंगाजवळ घ्यावी, उचलताना तोंडाने श्वास सोडावा, जमेल तेथे भरलेली क्रेट दोघांनी धरावी. ही सूचना देण्यास ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब मोजताना अर्धे मिनिट पुरते, आणि ‘कुंथू नका’ हा शब्द उच्चारण्याचा संकोच सोडावा लागतो.