खलपुरुषाची सोय : ‘स्टेट ऑफ फिअर’

मायकल क्रायटन यांची ‘स्टेट ऑफ फिअर’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. हवामानबदलाची धास्ती जगाने घ्यावी म्हणून पर्यावरणरक्षणाचे नाव घेणारी एक दहशतवादी संघटना अंटार्क्टिकातील हिमखंड स्फोटाने तोडू पाहते, सॉलोमन बेटांजवळ त्सुनामी उठवू पाहते, असे तिचे कथानक आहे. तळटीपा, आलेख व परिशिष्टे यांचा भारही तिने वाहिला आहे. तथापि संशय घेण्याचा जो अधिकार लेखक हवामानशास्त्राविरुद्ध वापरतो, तो प्राध्यापक केनर यांच्याविरुद्ध तो कोणालाही देत नाही. इतर पात्रे निरुत्तर होण्यापुरतीच अवतरतात आणि संवादाचे व्याख्यान होते.

‘ज्युरासिक पार्क’मध्ये (१९९०) संकट मानवी ज्ञानाच्या अहंकारातून उद्भवते, येथे ते खलपुरुषांवर सोपविले आहे. खलपुरुष सापडला की भय संपते, हा रहस्यकथेचा संकेत या विषयाला पेलत नाही. नाशिक रोडच्या आसपासच्या बागाईतदाराची द्राक्षे अवकाळी पावसाने एका रात्रीत जातात, तेव्हा पकडावयास कोणी खलपुरुष नसतो. तापत्या पृथ्वीची कारणे असंख्यांच्या नित्य व्यवहारांत विखुरलेली असतात. या विखुरलेल्या उत्तरदायित्वाला कथारूप देणे हेच अशा कादंबरीपुढील खरे आव्हान होय. क्रायटन यांनी ते स्वीकारलेच नाही.