‘रिप्रीज’ : संकेतार्थातील सुख

योआकिम त्रिएर यांचा ‘रिप्रीज’ (२००६) हा नॉर्वेजियन चित्रपट वरवर पाहता ओस्लोतील दोन होतकरू लेखकांच्या यशापयशाची कथा आहे. परंतु त्याचे मर्म कथानकापेक्षा निवेदनाच्या क्रियापदांत शोधावे लागते. फिलिप आणि एरिक आपापली हस्तलिखिते घेऊन टपालपेटीपाशी उभे राहतात, आणि निवेदक त्यांचे भावी आयुष्य संकेतार्थात सांगू लागतो : असे घडले असते, तसे झाले असते. पाठोपाठ वास्तव येते, ते मात्र साध्या भूतकाळात. फिलिपचे पुस्तक स्वीकारले जाते, एरिकचे नाकारले जाते. आणि काही महिन्यांनी फिलिप मनोरुग्णालयातून घरी परततो.

शीर्षकाचा अर्थ पुनरावृत्ती असा आहे. कारीसमवेत पूर्वी केलेली पॅरिसची सहल फिलिप जशीच्या तशी पुन्हा घडवू पाहतो. तो प्रयत्न निष्फळ ठरतो. गेलेला क्षण पुन्हा घडविता येत नाही, तो केवळ कल्पिता येतो. लेखनाचा उगमही तेथेच आहे. म्हणून शेवटी निवेदक पुनश्च संकेतार्थाकडे वळून फिलिप व कारी यांचे पुनर्मीलन सांगतो, तेव्हा त्यास सुखान्त म्हणणे उतावीळपणाचे होईल. मात्र तो निव्वळ भ्रमही नव्हे. टपालपेटीजवळच्या स्वप्नात कीर्तीची ओढ होती. या शेवटात माणसाच्या सोबतीची आहे. व्याकरण तेच राहिले, इच्छा मात्र प्रौढ झाली. या चित्रपटाचे खरे यश हेच होय.