मायेची मर्यादा आणि शस्त्राचे वजन

अद्भुतकथेत काहीही घडू शकते, म्हणून तिच्यात काहीच पणाला लागत नाही, हा समज मराठी समीक्षेत दीर्घकाळ टिकून आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांचा काळ सरतो न सरतो तोच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध (१८७२) आला आणि संभाव्यतेचा निकष प्रतिष्ठित झाला. पुढे १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात राजवाड्यांनी अद्भुताचा पक्ष घेतला. परंतु अद्भुताला स्वतःचे असे नियमन असते काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या वादात बाजूलाच राहिला. वस्तुतः अद्भुताचे मूल्यमापन या नियमनाच्या अंगानेच करावयास हवे. त्यासाठी वेशांतर करणाऱ्या मायेचा विचार उपयुक्त ठरतो. त्यातही ही माया माणसाच्या हातातील साधनापाशी, म्हणजे शस्त्र, अवजार, आयुध यांच्यापाशी, येऊन कशी अडते ते पाहणे उद्बोधक आहे.

या नियमनाचे सर्वांत उघड रूप एका अनपेक्षित ठिकाणी आढळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळात खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि बोलत बोलत एकत्रितपणे कथा रचतात. अशा कथेत मायावी विद्येला मोकळे रान दिले तर कथा तत्काळ संपेल. म्हणून खेळाचे नियमग्रंथ मायेच्या सीमा आखून देतात. त्यातील ‘डिसगाइज सेल्फ’ या मंत्राने पात्राचे रूप, वस्त्रे, चिलखत आणि शस्त्रे वेगळी भासतात. परंतु २००३ च्या नियमांप्रमाणे स्पर्श आणि ध्वनी बदलत नाहीत. खंजिरासारखी दिसणारी युद्धकुऱ्हाड कुऱ्हाडीचेच काम करते. २०१४ च्या आवृत्तीत मंत्राचा अवधी एक तासाचा आहे, उंचीतील फरक फुटापलीकडे जाऊ शकत नाही आणि मायेने डोक्यावर चढवलेल्या टोपीतून खरी वस्तू आरपार जाते. या तांत्रिक वाटणाऱ्या तरतुदींत एक काव्यशास्त्रीय सिद्धान्त दडलेला आहे. माया डोळ्यांना फसवू शकते. वजन, आवाज आणि उपयोग यांना ती फसवू शकत नाही. साधनाची ओळख त्याच्या दिसण्यात नसून त्याच्या वापरात असते.

हा सिद्धान्त भारतीय कथापरंपरेला अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वाच्या अखेरीस यक्षरूपातील धर्म पांडवांना वर देतो की, स्वतःच्या रूपात हिंडलात तरी तुम्हांला कोणी ओळखणार नाही. वरवर पाहता येथे अज्ञातवासाचा प्रश्न सुटायला हवा. तरीही विराटपर्वाच्या आरंभी पांडवांपुढे पहिली अडचण उभी राहते ती शस्त्रांची. सशस्त्र नगरात शिरलो तर लोक भयभीत होतील, शिवाय गांडीव तर सर्वांच्या परिचयाचे, अशी चिंता व्यक्त होते. वर माणसांना मिळाला आहे; त्याचे संरक्षण धनुष्यापर्यंत पोचत नाही. मग धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या जातात, स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर नकुल चढतो, शस्त्रे बांधून ठेवतो आणि त्यांच्यासोबत एक प्रेत टांगले जाते. ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता, असा आमचा कुलाचारच आहे, असे वाटेतल्या गुराख्यांना सांगितले जाते.

येथे लक्षात घ्यावयास हवे ते हे की, शस्त्रे लपवण्यासाठी व्यासांनी मायेचा आश्रय घेतलेला नाही. दुर्गंधी, विटाळाची भीती आणि कुलाचाराविषयीचा संकोच यांचे आवरण त्यांनी पुरेसे मानले. दिव्य वराची सीमा जेथे संपते तेथे लोकव्यवहाराचे संकेत कामी येतात. अर्जुनाचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. प्रत्यंचेच्या आघातांनी हातांवर पडलेले घट्टे लपवणे कठीण, हे तो स्वतःच सांगतो आणि त्यासाठी बांगड्या पसंत करतो. शस्त्र झाडावर गेले तरी शस्त्राने शरीरावर लिहिलेला मजकूर पुसला जात नाही. पुढे गोग्रहणाच्या प्रसंगी शंखाचा आणि रथाचा घोष ऐकून द्रोण अर्जुनाला ओळखतात. ध्वनीच्या बाबतीत खेळाचा नियमग्रंथ आणि विराटपर्व यांचे एकमत आहे.

स्पर्श आणि नाद यांच्या या कसोटीला मराठी संतपरंपरेत एक स्थानही आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे जमलेल्या संतमेळ्यात गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ वारंवार सांगितला गेला. तिचा ज्ञानशास्त्रीय अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला. कच्चे आणि पक्के मडके पाहणाऱ्याला सारखेच वाटू शकते. कुंभाराला मात्र थापटल्यावर उठणारा नाद फरक सांगतो. परीक्षेचे साधन कारागिराच्या रोजच्या कामातले आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे. ज्याने वस्तू घडवली तोच तिच्या दिसण्यापलीकडे जाऊ शकतो.

याच जिल्ह्यातील तुळजापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने वेगळ्याच प्रकारचे रूपांतर समोर येते. त्या दिवशी मराठी मुलखात सर्वत्र आपट्याचे पान ‘सोने’ होते. ते घेऊन कोणी सराफाकडे जात नाही. येथे भ्रम नाही, संमती आहे. भ्रमाला तपासणीचे भय असते. संमतीने मानलेल्या रूपाला ते नसते. अद्भुतकथेचा वाचक आणि भूमिकाखेळातील खेळाडू एकाच वेळी या दोन्ही पातळ्यांवर वावरतात. कथेतील पहारेकऱ्यापुरती माया हा भ्रम असतो, वाचकापुरता तो संकेत असतो. या दोहोंतील अंतरातूनच ताण निर्माण होतो. पहारेकरी त्या खोट्या खंजिराला हात लावील काय, हा प्रश्न वाचकाला धरून ठेवतो, कारण हात लावल्यावर काय होईल हे त्याला आधीच ठाऊक असते.

खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाने हे अंतर इतिहासात प्रत्यक्ष वापरले. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने विराटपर्वातील अज्ञातवासाचीच कथा घेतली आणि स्वतः तिच्या आड अज्ञातवास पत्करला. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, द्रौपदीत भारतमाता आणि धर्म-भीमांत मवाळ-जहाल पाहिले. नाटकाचे पौराणिक वस्त्र पाहणाऱ्याला पुराण दिसत होते. संवादांचा नाद मात्र वर्तमानाचा होता. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, तेव्हा रूपकाची मर्यादा सिद्ध झाली. मात्र या मर्यादेला अपयश म्हणता येत नाही. ज्या रूपकाखालचे शस्त्र कोणालाच जाणवत नाही ते राजकीय कार्य करूच शकत नाही. पूर्ण यशस्वी वेशांतर हे वाङ्मयीन दृष्ट्या निष्फळ वेशांतर होय.

तेव्हा अद्भुताला संभाव्यतेच्या निकषावर तोलण्याऐवजी त्याला थापटून पाहणे अधिक न्याय्य ठरेल. कथेतील मायेला काय बदलता येते, काय येत नाही, आणि न बदलणाऱ्या वस्तूचे ओझे कोणते पात्र वाहते, हे प्रश्न विचारले की चांगली आणि कच्ची अद्भुतकथा वेगळ्या ओळखू येतात. जेथे शस्त्रही विनासायास फूल होते तेथे लढाईला अर्थ उरत नाही. विराटपर्वातील शस्त्रे मात्र वर्षभर शमीवर तशीच राहिली. उत्तराने ती सोडली तेव्हा त्यांच्या तेजाने त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. बृहन्नडेच्या बांगड्यांआडचा अर्जुन उत्तराला पटला तो त्या शस्त्रांपाशी.