प्राश्निक आणि प्रेक्षक : हिंगोली जिल्ह्यातील मालिका-समीक्षेचे भाषारूप

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका हा मराठी समीक्षेने फारसा मनावर न घेतलेला विषय आहे. नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांना समीक्षेच्या दरबारात आज मानाचे आसन मिळाले आहे. मालिकेला मात्र अद्याप उंबऱ्याबाहेरच तिष्ठत राहावे लागते. वृत्तपत्रे नव्या मालिकेचा परिचय करून देतात, कलावंतांच्या मुलाखती छापतात, आणि मालिका संपली की निरोपाचे चार शब्द लिहितात. आरंभ आणि शेवट यांच्यामधील शेकडो भागांसंबंधी लिखित समीक्षा बहुधा मौन पाळते. याचा अर्थ त्या शेकडो भागांची समीक्षा होतच नाही असा मात्र नव्हे. ती रोज होते, घरोघर होते, आणि ती करणाराला आपण समीक्षा करीत आहोत याची जाणीवही नसते. या मौखिक समीक्षेचे स्वरूप काय, तिला समीक्षा हे नाव शोभते काय, आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार हिंगोली जिल्ह्यातील बोलीच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'अल्फा मराठी' वाहिनी सुरू झाली, आणि पुढील वर्षी 'ई टीव्ही मराठी'. जिल्हा आणि खाजगी मराठी वाहिन्या अशा प्रकारे समवयस्क आहेत. या योगायोगाला फार अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु या जिल्ह्यात जन्मलेली पिढी मराठी मालिकांच्या सहवासातच वाढली, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाच्या मराठी कार्यक्रमांचा प्रेक्षक प्रामुख्याने मुंबई-पुण्याचा होता. 'रामायण' (१९८७-८८) आणि 'महाभारत' (१९८८-९०) यांनी ग्रामीण प्रेक्षक मोठ्या प्रमाणावर दूरचित्रवाणीसमोर आणला खरा, तथापि त्या मालिका आठवड्यातून एकदाच येत आणि त्यांची कथा सर्वांस ठाऊक होती. 'आभाळमाया', 'वादळवाट', 'चार दिवस सासूचे' यांच्याबरोबर घरात आलेली दैनंदिन मालिका हा प्रकार सर्वस्वी निराळा होता. तिची कथा कोणास ठाऊक नव्हती, आणि ती कधी संपणार हे तर तिच्या कर्त्यांसही ठाऊक नसे.

हा भेद महत्त्वाचा आहे. श्रवणाची परंपरा या भूमीला नवी नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले गाव याच जिल्ह्यात. विसोबा खेचरांची आणि त्यांची भेट जेथे झाली असे मानतात ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. कीर्तन, सप्ताह, चातुर्मासातील पोथी यांमधून रोज थोडे थोडे ऐकण्याची आणि ऐकलेल्याविषयी बोलण्याची सवय येथील समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु पोथीचा श्रोता पूर्ण झालेली कृती ऐकत असतो. कोणता अध्याय कोठे येणार आणि फलश्रुती कोणती हे सारे ठरलेले असते. मालिकेच्या प्रेक्षकाला अपूर्ण कृतीचा न्याय करावा लागतो. किंबहुना रोज नव्याने करावा लागतो. लिखित समीक्षेची सारी उपकरणे पूर्ण कृतीसाठी घडविलेली असल्यामुळे ती येथे बोथट ठरतात, आणि त्यांच्या जागी प्रेक्षकाने आपली उपकरणे बोलीतून घडविली आहेत.

त्यांतील पहिले उपकरण क्रियापदाचे आहे. मराठवाड्याच्या या भागात चालू क्रिया 'करूलालाय', 'येऊलालेत' अशा रूपांनी व्यक्त होते. 'करू लागला आहे' या आरंभवाचक रचनेचा संकोच होऊन हे रूप सिद्ध झाले, आणि त्याचा अर्थ आरंभापासून सरकत सातत्यापर्यंत आला. जिल्ह्याच्या उत्तरेस वाशीम आणि यवतमाळ हे वऱ्हाडीचे जिल्हे असल्यामुळे तिकडे जावे तसतशी 'करू राहिला' ही रचनाही ऐकू येते. 'उगंच पाणी घालूलालेत' हा मालिकेवरील येथला सर्वसामान्य अभिप्राय घ्यावा. लिखित समीक्षक 'मालिका फसली आहे' असा पूर्ण काळात निर्णय देतो. हा अभिप्राय मात्र दोष चालू असतानाच त्याच्यावर बोट ठेवतो, आणि तो सुधारण्यास अद्याप अवकाश आहे असेही सुचवितो. अपूर्ण कृतीच्या समीक्षेला अपूर्ण काळच योग्य होय.

दुसरे उपकरण परिभाषेचे. 'पाणी घालणे', 'ताणणे', 'ओढणे', 'लांबण लावणे', 'गुंडाळणे' हे शब्द पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. हे सारे मापाचे शब्द आहेत. दूध किंवा कालवण पाण्याने वाढते, पण त्याचा कस जातो; दोरी ताणली की लांबते, पण अखेर तुटते; पसरलेला संसार गुंडाळला की घाई दिसते. कथावस्तू आणि तिचा विस्तार यांच्या प्रमाणाविषयीचा एक संपूर्ण सिद्धांत या पाच-सहा क्रियापदांत सामावला आहे. याला जोड आहे ती पुनर्कथनाची. चुकलेल्या भागांत काय घडले हे विचारणाराला घरातील दुसरे माणूस सांगते. पाच भागांचा वृत्तांत दोन वाक्यांत आटोपला, तर त्या पाच भागांत कस किती होता याचा निर्णय आपोआपच लागतो. असे पुनर्कथन म्हणजे अनवधानाने केलेले कठोर परीक्षणच होय.

या प्रेक्षकावर एक जुना आक्षेप घेतला जातो : तो पात्र आणि नट यांत भेद करीत नाही, खलनायिकेला खरोखरीच शिव्या देतो, म्हणून त्याचे बोलणे भाबडे आहे. या आक्षेपाची परीक्षा व्याकरणाने करता येते. 'लई आगाव हाय ती' असे एखाद्या पात्राविषयी म्हणणारी बाईच पुढच्या वाक्यात 'तिला उगंच मारलं' असे म्हणते. या दुसऱ्या वाक्यात मारणारा कोण? कथेतील खुनी नव्हे, तर कथा रचणारा. कर्ता उच्चारलेला नाही, तरी तो कोण याविषयी वक्ता किंवा श्रोता यांपैकी कोणाचाही गोंधळ होत नाही. 'आता काय दाखवतेत बघू' या वाक्यातील अनुक्त अनेकवचनी कर्ताही तोच. म्हणजे एका वाक्यात कथेच्या आत आणि दुसऱ्या वाक्यात कथेच्या बाहेर, असा हा प्रेक्षक वावरत असतो, आणि उंबरा कोठे आहे हे तो पुरते जाणतो. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२१) या मालिकेतील शनायाची भूमिका प्रथम रसिका सुनील यांनी, मग ईशा केसकर यांनी, आणि नंतर पुन्हा रसिका सुनील यांनी केली. 'पहिली शनाया' आणि 'नवी शनाया' असे शब्द त्या काळात घरोघर रुळले. भूमिका एक आणि नट दोन हे ज्याला कळते, त्याला पात्र आणि नट यांतील भेद कळत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरा आक्षेप असा की, हा प्रेक्षक कलेचा विचार करीत नाही. 'असं कुठं असतंय का' एवढेच त्याला म्हणता येते. परंतु हा प्रश्न क्षुद्र नाही. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले, आणि त्याचा विचारही अखेर 'हे येथे शोभते काय' या प्रश्नाभोवतीच फिरतो. त्याहूनही उपयुक्त आधार भरताचा आहे. नाट्यशास्त्रातील सिद्धिविचाराच्या अध्यायात भरताने प्रेक्षकांचे 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार प्रयोगाच्या यशाची लक्षणे म्हणून नोंदविले आहेत, आणि मतभेद झाल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांची गणनाही केली आहे. यज्ञाच्या प्रसंगी याज्ञिक, शस्त्राच्या प्रसंगी धनुर्धर, शब्दाच्या बाबतीत वैयाकरण, गीताच्या बाबतीत गायक. ज्याचा जो व्यवसाय, त्या अंगापुरता तो प्रमाण. सर्वज्ञ समीक्षकाची कल्पना येथे नाही. अनेक अल्पज्ञ मिळून एक पूर्ण परीक्षक होतो.

हिंगोलीच्या प्रेक्षकवर्गाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे बळ कोठे आहे ते कळते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे हे या भागातील अनेकांचे वर्षाचे काम आहे. मालिकेतील लग्नाची हळद चार-चार भाग चालते, पण ती लावणाऱ्या हातांना डाग लागत नाहीत, हे या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. सोयाबीनचा काढणीचा हंगाम, कर्जाचा हप्ता, दवाखान्यातील रांग, सुनेच्या माहेरपणाचे दिवस, या प्रत्येक प्रसंगाला या समाजात स्वतंत्र प्राश्निक आहे. त्यांचा निर्णय नैतिक असतो, पण तो केवळ नैतिक नसतो. ज्ञात अनुभव आणि चित्रण यांच्यातील अंतर तो मोजतो.

तेव्हा या समीक्षेला समीक्षा म्हणावयास प्रत्यवाय नाही. मात्र तिची एक उणीव गंभीर आहे, आणि ती नेमकी भाषेच्याच क्षेत्रातील आहे. संस्कृत नाटकात नायक संस्कृत बोले, स्त्रिया शौरसेनी बोलत, त्यांची गीते महाराष्ट्रीत असत, आणि हीन पात्रांच्या वाट्याला मागधी येई. मराठी मालिकेने ही उतरंड नकळत पुढे चालविली आहे. सुशिक्षित नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात. बोली येते ती नोकर, विदूषक किंवा गावगुंड यांच्या मुखी. अपवाद झाले आहेत, आणि ते मोलाचे आहेत. 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६-२१) मधील राणा कोल्हापूरकडचे बोलला. 'रात्रीस खेळ चाले' मध्ये मालवणी वळण आले. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधील राधिका नागपुरी धाटणीने बोलली, आणि तिचे ते बोलणे नवऱ्याला कमीपणाचे वाटणे हाच कथेतील संघर्षाचा एक भाग झाला. मराठवाड्याच्या, त्यातही परभणी-हिंगोलीकडच्या बोलीच्या वाट्याला मात्र असे ठळक नायकपद आलेले दिसत नाही. मालिकेतील 'खेडे' बहुधा सातारा-कोल्हापूरच्या काही मोजक्या रूपांवर भागविले जाते.

हिंगोलीचा प्रेक्षक हे ओळखतो. 'हे आपल्याकडचं न्हाई' असे तो चटकन म्हणतो. परंतु तो तेथेच थांबतो. हळदीच्या प्रसंगात जो 'असं कुठं असतंय का' असे विचारतो, तोच आपल्या बोलीसारखे काही विनोदी कार्यक्रमात ऐकू आले की हसतो, आणि नायिकेने आपल्यासारखे बोलावे अशी अपेक्षाही व्यक्त करीत नाही. इतर साऱ्या अंगांत प्राश्निक असलेला हा प्रेक्षक शब्दाच्या बाबतीत आपला अधिकार सोडून देतो. प्रमाण भाषा हीच गंभीर भावनेची भाषा, ही शाळेने दिलेली समजूत मालिकेने पक्की केली आहे. ज्या प्रदेशातील नामदेवांची वाणी पुढे पंजाबपर्यंत गेली आणि गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, त्या प्रदेशाने आपल्या बोलण्याला केवळ हशाच्या योग्यतेचे मानावे, ही खेदाची गोष्ट आहे.

या समीक्षेचे दुसरे दुर्दैव असे की, ती ज्यांनी ऐकावयाची त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१५ पासून बार्क ही संस्था निवडक घरांतील यंत्रांच्या साहाय्याने प्रेक्षकसंख्येचा अंदाज करते, आणि मालिकेचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या अंकावर अवलंबून असते. परंतु यंत्र पाहणे मोजते. मानणे मोजत नाही. रागाने पाहणारा, सवयीने पाहणारा आणि जीव लावून पाहणारा हे तिघेही त्या अंकात सारखेच. 'पाणी घालूलालेत' असे म्हणत जो पाहात राहतो, त्याचे पाहणे पाणी घालणाराच्याच पदरात पडते. समीक्षकाचा निषेध आश्रयदात्याच्या पाठिंब्यात असा परिणत व्हावा, असे अन्य कोणत्याही कलेत सहसा घडत नाही.

यावर उपाय प्रेक्षकाने पाहणे सोडावे हा नव्हे. निष्ठा हेच त्याच्या ज्ञानाचे मूळ आहे, आणि शेकडो भाग पाहिल्यावाचून प्रमाणाचा विचार करताच येत नाही. उपाय नोंदीचा आहे. डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे काम केले आहे, आणि त्यामुळे रूपे व त्यांचा प्रसार यांची माहिती उपलब्ध होऊ लागली आहे. त्याला जोडून बोलीतील समीक्षा-व्यवहाराचे संकलन व्हावयास हवे : कोणत्या शब्दांनी लोक कथेला चांगले किंवा वाईट म्हणतात, कर्ता कोठे गाळतात, कोणत्या काळात निर्णय देतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकणारा विद्यार्थी हे काम स्वतःच्या घरात बसून करू शकतो, आणि ते करताना त्याला आणखीही एक गोष्ट कळेल. पाठ्यपुस्तकातील परिभाषा घोकताना जे विचार त्याला दुर्बोध वाटतात, त्यांतील कित्येक त्याची आजी रात्री जेवणाच्या वेळी 'करूलालेत' या रूपात बोलत असते. ज्या बोलीत समीक्षा करता येते, तिच्यात नायिकेला रडता आणि भांडताही आले पाहिजे, ही मागणी मग त्याच्याच तोंडून निघेल. आणि ती मागणी करणारा प्राश्निक आज मराठी मालिकेला हवा आहे.