बोलक्या चित्रांचें मराठी

शिक्षणाच्या नव्या साधनांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, तें बहुधा दोन टोकांचें असतें. एक पक्ष यंत्राची आरती ओवाळतो, तर दुसरा त्यास रिकामटेकडें खेळणें म्हणून झिडकारतो. वास्तविक मुलाच्या तोंडीं शब्द घालणारें साधन हेंही एक प्रकारचें वाङ्मयच आहे. त्यांत शब्दांची निवड असते, कांहीं शब्द वगळलेले असतात, आणि बोलणाऱ्याविषयीं कर्त्यांची कांहीं समजूतही असते. म्हणून ग्रंथास लावतों तीच कसोटी त्यास लावावी, असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या आय. आय. टी. मधील आय. डी. सी. या अभिकल्प-विद्यालयांत तयार झालेल्या ‘जेलो’ या साधनाचा येथें त्याच दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

स्वमग्नतेमुळें किंवा अन्य कारणानें ज्या मुलांस तोंडानें बोलणें साधत नाहीं, त्यांच्यासाठीं हें साधन आहे. मोबाइलच्या किंवा टॅब्लेटच्या पडद्यावर खाणें, खेळ, माणसें, ठिकाणें अशा विषयांचीं चित्रें मांडलेलीं असतात. मूल एक चित्र दाबतें, मग कडेच्या सहा खुणांपैकीं एक दाबतें, आणि यंत्र त्याच्या वतीनें वाक्य उच्चारतें. तें विनामूल्य मिळतें, आणि मराठींतही उपलब्ध आहे.

या सहा खुणांत साधनाचा सर्वांत मोठा गुण दडलेला आहे. तीन खुणा आवड, होकार आणि ‘आणखी’ यांच्या, तर तीन नावड, नकार आणि ‘कमी’ यांच्या. म्हणजे बोलण्याचा अर्धा भाग नाकारण्यासाठीं राखून ठेविला आहे. आपण अशा मुलांस प्रथम मागावयास शिकवितों; ‘नको’ म्हणावयास शिकविण्याचें मात्र सहसा मनांत येत नाहीं. ज्यास ‘नको’ म्हणतां येत नाहीं, तें मूल ताट लोटतें, किंचाळतें, हात चावून घेतें. आणि घर त्यास हट्टी ठरवितें. नकारास शब्द मिळाला कीं त्यांतील पुष्कळसा हट्ट ओसरण्याचा संभव असतो.

लिओ कॅनर या वैद्यानें १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन करून या अवस्थेस नांव दिलें, आणि पुढें आपण तिला ‘स्वमग्नता’ म्हणूं लागलों. शब्द सुबक आहे, पण त्यांतून मूल आपल्यांतच रमलें आहे व त्यास कोणी नको आहे असा ग्रह होतो. चित्रें हातीं पडतांच कित्येक मुलें माणसांस हांक मारूं लागतात. तेव्हां अडचण इच्छेची थोडी व मार्गाची फार असते, हें उघड होतें.

आईबापांची एक शंका मात्र आदरानें ऐकली पाहिजे. यंत्र बोलूं लागलें तर मुलाची स्वतःची वाचा कायमची आळसणार नाहीं ना? २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-समालोचनांत, ज्यांच्याविषयींचा पुरावा भरंवशाचा होता अशा २७ व्यक्तींचा विचार केला होता. एकाचेंही बोलणें कमी झालें नव्हतें; बहुतेकांचें वाढलें होतें, जरी ती वाढ बेताचीच होती. शंकेच्या निरसनास एवढें पुरेसें आहे.

आतां दोषाकडे वळूं. या साधनाचें मराठी प्रमाण आहे, म्हणजेच पुस्तकी आहे. कंधारच्या घरांत माय लेकरास ‘जेवायलास का?’ असें विचारते. कोठें दखनी बोलली जाते, तर तांड्यावर लमाणी. सामान्य मूल या बोलींतून त्या बोलींत सहज उडी मारतें. परंतु स्वमग्न मुलास पुष्कळदां एका जागीं शिकलेला शब्द दुसऱ्या जागीं ओळखीचा वाटत नाहीं. त्याच्या दृष्टीनें मायेचें वाक्य आणि यंत्राचें वाक्य हीं दोन निरनिराळीं वाक्यें ठरण्याचा धोका आहे. परभाषेंतून शिकण्याचें दुःख कंधारास नवें नाहीं. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले, आणि घरीं मराठी बोलणाऱ्या मुलांस तो जाच सोसावा लागे. तीं मुलें निदान घरीं येऊन तक्रार करूं शकत होतीं. ज्याची तक्रारही यंत्रांतूनच यावयाची, त्याच्या यंत्राची भाषा घरची असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणतां येणार नाहीं.

हा दोष दूर होईपर्यंत घरानें हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. मायनें आपल्या बोलींत बोलतां बोलतां स्वतः चित्रें दाबावीं. मूल पाहून शिकतें. आपल्याच चुलीचें, भाकरीचें, आजोबांचें छायाचित्र चिकटवून एक वही करावी. घरांतील एकुलता एक मोबाइल बापाबरोबर कामावर गेला तरी वही घरींच राहते. चित्र देऊन वस्तु मागण्याची पद्धति अमेरिकेंत १९८५ सालीं अँडी बॉन्डी व लोरी फ्रॉस्ट यांनीं सुरू केली, ती कागदावरच. मात्र मूल गप्प बसावें म्हणून पडदा हातीं देणें, आणि मूल बोलावें म्हणून देणें, यांत महदंतर आहे. पहिल्यास शिक्षण म्हणूं नये.

एकंदरींत हें साधन आम्ही आदरणीय मानतों. त्यानें ‘नको’ला मान दिला, आणि गरिबाच्या घरींही येण्याची तयारी ठेविली. पुढील आवृत्तीपूर्वी त्याच्या कर्त्यांनीं मन्याडकांठच्या एखाद्या घरीं जाऊन चार दिवस नुसतें ऐकावें, अशी आमची त्यांस विनंती आहे. आणि ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं, त्यानें दाबलेलें पहिलें ‘नको’ मनावर घेऊन ताट बाजूस सारावें.