हेवा, मत्सर आणि 'ययाति'मधील दोन मैत्रिणी

वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीला साहित्य अकादमी (१९६०) आणि ज्ञानपीठ (१९७४) हे पुरस्कार लाभले. वर्गात ती बहुधा भोगलोलुप राजाची कथा म्हणून शिकविली जाते आणि देवयानी-शर्मिष्ठेचे वैर सवतीमत्सरात जमा होते. हे वाचन अपुरे आहे. दोघींची मैत्री ययाति त्यांच्या आयुष्यात येण्यापूर्वीच तुटलेली असते.

मूळ प्रसंग महाभारताच्या आदिपर्वातला. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते आणि शर्मिष्ठा चुकून देवयानीचे वस्त्र नेसते. भांडण वस्त्रावरून सुरू होते, पण क्षणात वडिलांच्या दर्जावर येते. शुक्राचार्य राजाचे गुरू, तरी राजाश्रित. वृषपर्वा राजा, तरी संजीवनी विद्येसाठी गुरूवर अवलंबून. एकीकडे विद्या, दुसरीकडे सत्ता. जे आपल्याकडे नाही, तेच मैत्रिणीकडे आहे ही जाणीव दोघींच्या मनात आधीपासून असणार. वस्त्र केवळ निमित्त ठरते.

येथे उर्दूतील एक भेद उपयोगी पडतो. दुसऱ्याचे सुख आपल्यालाही मिळावे असे वाटणे म्हणजे 'रश्क'. ते त्याच्याकडून हिरावले जावे असे वाटणे म्हणजे 'हसद'. मराठीत हेवा आणि मत्सर या शब्दांनी हा फरक बराचसा दाखविता येतो. हेव्यासह मैत्री टिकू शकते. शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते आणि देवयानी राजकन्येला दासी करून घेते, तेव्हा मात्र हेव्याचा मत्सर झालेला असतो. मैत्री तुटते ती याच टप्प्यावर, आणि दोष दोन्हीकडे आहे.

ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने निवेदन देऊन खांडेकर दोन्ही बाजू वाचकासमोर मांडतात, हे त्यांचे मोठे यश. तथापि त्यांच्या सहानुभूतीचे पारडे शर्मिष्ठेकडे झुकते. कुळासाठी दास्य पत्करणारी ती त्यागमूर्ती होते, तर देवयानीच्या वाट्याला अहंकार येतो. त्यामुळे विहिरीकाठचा शर्मिष्ठेचा अपराध वाचक सहज विसरतो.

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मराठी, हिंदी आणि उर्दू शब्द एकाच वर्गात ऐकू येतात. तेथील अध्यापकाने 'वाईट कोण?' या प्रश्नाऐवजी 'हेवा कोठे संपला आणि मत्सर कोठे सुरू झाला?' असे विचारावे. मग विद्यार्थी कादंबरीबरोबर स्वतःच्या मैत्रीकडेही डोळसपणे पाहू लागतील.